विमानाला लिंबू कुठे बांधायचं

पेण,
शनिवार, ३१ जानेवारी २०२६

ती. जनीवन्सं यांना किशोरीचा वाकून नमस्कार. आधीच पाया पडून घेते, पत्र संपल्यावर तुम्ही पडू द्याल की नाही याची खात्री नाही.

इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण जीभ बारा महिने ठणठणीत. प्राप्तीची नर्सिंगची परीक्षा झाली, कोल्हापूरला थंडी फार आहे म्हणते. तुमचा गळा कसा आहे? आता लग्नसराई, गावोगावच्या गाड्या तुम्हाला न्यायला माणगावला येत असतील. रात्रभर लग्नघरी धवल्याची गाणी म्हणायची आणि पहाटे वर थंड सरबत प्यायचं, ही तुमची खोड सुटली असेल अशी आशा. रंगू परवा बाजारात भेटली. बरं चाललंय तिचं. तुमची आठवण काढत होती. म्हणजे तिने नाही काढली, मीच काढली. असो.

तुम्ही म्हणाल, हिला फोन करायला काय झालं? वन्सं, तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे ऐकणं. माझं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत माणगावच्या पाण्याची वेळ, भाविकाच्या शाळेतल्या बायकांची भांडणं आणि जावयाचं पोट, हे सगळं होऊन जातं आणि माझं राहतं. या वेळी मला माझं राहायला नको आहे. तेव्हा चष्मा लावा. भाविकाकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. मला तुम्हाला एक विचारायचं आहे. ते शेवटी विचारीन. तिकडे आधी उडी मारायची नाही.

बातमी अशी की मी विमान बनवलं आहे.

हसून झालं? मग पुढे वाचा. खरं विमान नव्हे, रिमोटवर उडायचं, बॅटरीचं. पण खेळण्यातलंही म्हणू नका. माझ्या दोन्ही हातांपेक्षा लांब पंख आहे त्याचा. किंबहुना नुसता पंखच आहे. पोट नाही, शेपूट नाही. दोन्ही बाजूंना मागे झुकलेला एकच मोठा पंख, मध्ये बॅटरी, आणि मागच्या बाजूला मोटर. पंखा त्याला मागून ढकलतो. मला पहिल्यांदा चित्र दाखवलं तेव्हा मी विचारलं होतं, "बाकीचं कुठाय?"

चित्र दाखवलं दत्तात्रेयांनी. आयटीआयला वायरमनच्या वर्गाला शिकवतात ते. दिवाळीनंतर एकदा आमच्या कारखान्यात आले. मला वाटलं, मूर्ती बघायला आले. तर म्हणाले, परदेशी जाणाऱ्या गणपतींच्या खोक्यांत तुम्ही जो दाबला तरी परत फुगणारा फोम घालता, त्याचे उरलेले तुकडे मिळतील का? शेठ म्हणाले, किशोरीला विचारा, भंगाराची मालकीण ती. मी विचारलं, कशाला हवा? म्हणाले, विमान करायचंय. एवढा मिशीवाला माणूस, कानापाशी केस पिकलेले, आणि हे वाक्य असं बोलला की जणू दाराला कडी बसवायची आहे.

मी दिले तुकडे. पुढच्या आठवड्यात ते कापलेला पंख दाखवायला आले. वन्सं, काय तो पंख! उंदराने कुरतडलेला पाव बरा. मी गणपतीची सोंड घासून घासून गुळगुळीत करणारी बाई, मला ते बघवेना. मी म्हटलं, द्या इकडे. तिथून मी त्यात अडकले.

हा फोम सुरीने कापत नाहीत. एक बारीक तार ताणून धरायची, तिच्यात वीज सोडायची, ती तापली की लोण्यातून जावी तशी फोमातून जाते. पंख मध्याकडे जाड आणि टोकाकडे निमुळता, म्हणून दोन्ही बाजूंना दोन मापाच्या पट्ट्या लावायच्या आणि दोन माणसांनी तारेची दोन टोकं धरून त्या पट्ट्यांवरून न्यायची. एकाची वाट लांब, दुसऱ्याची आखूड, आणि पोचायचं मात्र दोघांनी एकदम. एक पुढे गेला की पंख वाकडा. एक थांबला की तार तिथेच फोम जाळते. आधीचे तुकडे त्यांनी एकट्याने, दुसरं टोक खिळ्याला बांधून कापले होते. कारण विचारलं तर म्हणाले, धरायला कोणी नव्हतं.

आम्ही दोघांनी धरली तरी पहिले पंख वायाच गेले. चूक माझी, मला घाई फार. ते पट्टीवरचे आकडे मोठ्याने म्हणायचे, मी दोनवर असताना ते एकवर. शेवटी मी म्हटलं, तुमचे आकडे राहू द्या. आणि तोंडातल्या तोंडात तुमचा हळदीचा धवला धरला. तो कसा, पाय दाबत दाबत चालतो, ना धावत ना थांबत! त्या चालीवर तार गेली आणि पंख असा निघाला की मलाच हात फिरवावासा वाटला.

ते म्हणाले, "हा कुठला धवला?" स्वतः आगरी माणूस, न कळायला काय झालं? मी म्हटलं, "आमच्या वन्संचा. कापायला बरा पडतो."   त्यानंतर तारेचं बटण बंद करायचं दोघेही विसरलो.

दत्तात्रेयांचं नाव पत्रात फार येतंय, मलाही दिसतंय. विमान त्यांचं आहे, नाव येणारच.

मग बाकीचं झालं. आत कार्बनच्या काड्या, वरून चिकटपट्टी. मागच्या कडेला दोन फळ्या बसवल्या, त्या हलल्या की ते वर जातं, खाली येतं, वळतं. शेपूट नसल्याने सगळी कामं या दोघींच्याच माथी, अगदी आपल्या घरासारखं. रंग माझा. पोटाखाली भगवा, वर पांढरा, म्हणजे आकाशात गेल्यावर सरळ आहे की उलटं ते खालून कळावं. आणि नाकाशी मी डोळे काढले. कारखान्यात आम्ही डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतो, तशीच इथेही केली. दत्तात्रेय बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आता हरवायचं नाही हे."

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तोल. शेपूटवाली विमानं जरासा बिघडलेला तोल चालवून घेतात. हे नाही घेत. पंखाखाली दोन खुणा केल्या आहेत, तिथे दोन बोटं टेकवून उचललं की ते नाक किंचित झुकवून बसलं पाहिजे. मागे वजन जास्त झालं की संपलं. आम्ही बॅटरी पुढे-मागे सरकवून तो तोल असा साधलाय की त्यावर माशी बसली तर कळावं.

उद्या सकाळी उडवायचं आहे. खाडीकडच्या बंद मिठागरावर, विमानतळाच्या हद्दीपासून लांबची जागा दत्तात्रेयांनी शोधून ठेवली आहे. सासूबाई म्हणतात, मीपण येणार. नाही म्हणायची माझी काय टाप. आज इथेच थांबते. जे विचारायचंय ते उद्या लिहीन, विमान उडालं तर. नाही उडालं तर कदाचित विचारणारच नाही.


रविवार, १ फेब्रुवारी

वन्सं, उडालं!

पण आधी पडलं. नीट सांगते.

सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. सासूबाई पुढे, मी मागे, मांडीवर विमान. मिठागराची जमीन वाळून भेगाळली आहे, कडेच्या चरात मात्र चिखल. दत्तात्रेय आधीच येऊन बांधावर सासूबाईंसाठी खुर्ची मांडून उभे होते. इस्त्रीचा शर्ट! मिठागरात इस्त्रीचा शर्ट घालून कोण येतं?

सासूबाईंनी विमान मांडीवर घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "ह्यो पाखरू हाय का सूप? शेपटी न्हाय याला?"

"नाही आई," दत्तात्रेय म्हणाले.

"आनि इंजान कुठं हाय?"

"मागं."

"मंग मागंच बांधाचा," असं म्हणून त्यांनी कमरेच्या पिशवीतून काय काढलं असेल? लिंबू-मिरची. आपला ट्रेलर घरी आला तेव्हापासून तुमच्या आईचा नियम ठरलेला आहे, नव्या गाडीला इंजिनाच्या बाजूला लिंबू. तुमच्या भावाने गाडी विकून दुसरी घेतली तेव्हाही पहिलं लिंबू त्यांचंच होतं. इथे इंजिन मागे, म्हणून त्यांनी आपल्या हिशेबाने अगदी बरोबर, मोटरच्या अलीकडे, चांगलं रसरशीत लिंबू दोऱ्याने आवळून बांधलं आणि वर बोटं मोडली.

मी दत्तात्रेयांकडे बघितलं. तोलाच्या नावाने महिनाभर माझा जीव खाणारा माणूस, मला वाटलं आता हसून सोडवतील दोरा. ते फक्त म्हणाले, "पंख्यात अडकत नाही ना, तेवढं बघा." मी बघितलं. नव्हतं अडकत. म्हटलं, यांना चालतंय तर चालत असेल.

फेकायचं काम माझं. पुढून धरायचं, कारण मागे पंखा, आणि ताकद लावून सोडायचं. त्यांनी रिमोट हातात घेतला. मी धावले आणि दिलं सोडून.

ते वर गेलं. वर म्हणजे सरळ वर, भिंतीवर चढावं तसं. मग पाठ टाकून उलटं झालं, पोटाचा भगवा रंग मला एकदाच दिसला आणि धप्पकन चरातल्या चिखलात.

मी पदर खोचून चिखलात उतरले. नाक चेपलं होतं, एका बाजूची फळी सुटून लोंबत होती, डोळे तेवढे शाबूत. आणि मागे लिंबू. ते हातात आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथूनच ओरडले, "तुम्हाला माहीत होतं! मागं वजन झालं की उलटणार, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग बोलला का नाहीत?"

 दत्तात्रेय खाली बघत हळू म्हणाले, "आईंनी बांधलं होतं. माझ्या वस्तूला आजवर कोणी बांधलं नव्हतं. कसं सोडू?"

वन्सं, त्यांची आई त्यांच्या बालपणीच अंथरुणाला खिळली. तिचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. ती गेली त्यालाही आता वर्षं झाली. हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी घोट्याइतक्या चिखलात, हातात लिंबू घेऊन उभी असताना ते मला समजलं. आणि माझा राग कुठे गेला, मला सांगता यायचं नाही. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी, दोन्ही एकदम.

सासूबाईंना ऐकू कमी येतं असं आपण समजतो. नको ते बरोबर ऐकतात. बांधावरून त्यांचा आवाज आला, "अरं मास्तर, मंग पुढं बांध की! तोंड हाय ना तुला? सांगाचा न्हाय का?"

मी फळी पुन्हा बसवली. तिला गोंद आणि चिकटपट्टी इतकी लागली की मागचं वजन खरंच वाढलं. बोटांवर धरलं तर मागे कलायला लागलं. बॅटरी पुढे सरकवावी तर नाक चेपलेलं, जागा नाही. दत्तात्रेय खिशात काहीतरी वजनाचं शोधत होते. सासूबाई उठल्या, काठी टेकत आल्या आणि तेच लिंबू, मिरच्या काढून, माझ्या रंगवलेल्या दोन डोळ्यांच्या मधोमध धरलं. विमानाने नाक किंचित झुकवलं आणि तोलात बसलं. वरून चिकटपट्टी लावली.

या वेळी सोडलं तेव्हा ते आधी हातभर खाली गेलं आणि मग सावरून असं काही सरसर निघालं! मिठागर ओलांडून, खाडीकडे, वळून परत आमच्या डोक्यावरून. बगळे उठले. आवाज केवढासा, भिंगरीसारखा. भगवं पोट उन्हात चमकत होतं. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या आणि कोणाला तरी शिव्या देत होत्या, बहुतेक आनंदाने.

मग दत्तात्रेयांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत असतानाच दिला. म्हणाले, "पंख तुमचाच आहे." लांब जाताना सोपं असतं हो. आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलट होतं. मी चुकले, ते भलतीकडेच झुकलं, मी किंचाळले. त्यांनी रिमोट हिसकावला नाही. नुसते शेजारून म्हणत राहिले, "आहे, आहे, उंची आहे, घाई नको." आणि मी वळवलं. मीच वळवलं, वन्सं. आणि चिखलात नाही, कोरड्यात उतरवलं.

दुपारनंतर तिथेच पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला, वरून शेणीचा जाळ. खाताना सासूबाईंनी दत्तात्रेयांना सरळ विचारलं, "मास्तर, तू हिला मागनी घालनार हाय का मी म्हातारी झालं म्हनून थांबलाय?"

शेंग त्यांच्या घशात अडकली. मी पाठीत थापट्या मारल्या. मग त्यांनी मागणी घातली. तिथेच, सासूबाईंकडे, हात जोडून. आणि मी हो म्हटलं.

झालं लिहून. कालपासून या ओळीभोवती फेऱ्या मारत होते.

अजित गेले तेव्हा तुम्हीच आठवडाभर मला मांडीवर घेऊन बसला होतात. तुमचा भाऊ मला विसरता येणार नाही आणि मी विसरणारही नाही. त्यांच्याबरोबरचा संसार चांगला होता, म्हणून तर संसाराची मला भीती वाटत नाही. त्यांचा फोटो नव्या घरातही भिंतीवर असेल. दत्तात्रेयांनी मी सांगायच्या आधीच खिळा ठोकून ठेवलाय म्हणे. प्राप्तीला मघाशी फोन केला, ती म्हणाली, "आई, किती उशीर लावलास!" आणि सासूबाई म्हणतात, "माझा लिंबू सोडायला लाजला, तो मानूस तुला काय तरास देल? पन माझी खाट पयली न्यायची, मंग तुमी या." म्हणजे त्याही येणार आहेत, सुनेच्या सासरी! लोक काय म्हणतील विचारलं तर म्हणाल्या, "माझी पोर म्हनून देतंय मी हिला. पोरीकडं र्‍हायला कुनाची बंदी हाय?"

आता विचारते.

रंगूच्या दुसऱ्या लग्नाला तुम्ही धवला म्हणायला गेला नाहीत. तुम्ही तेव्हा इथे पेणला होतात, तिचा बाप आपल्या दारात येऊन बसला होता. तुम्ही म्हणालात, "धवला बाईला एकदाच." मी तेव्हा चहा घेऊन आतून येत होते, मी ऐकलं. तेव्हा मला काही वाटलं नाही, माझा त्याच्याशी काय संबंध! आज मात्र सारखं तेच ऐकू येतंय. कोर्टात सही करून लग्न होतं, मला माहीत आहे. पण माझ्या पहिल्या हळदीला पहाटे तुमचा गळा बसला होता आणि तरी तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हटलात, माझं नाव त्यात गुंफून. मी परक्या घरात जातेय असं मला त्या दिवशी वाटलंच नाही. ते मला पुन्हा हवंय. हट्ट आहे म्हणा. आहेच.

तुम्ही याल का? माझा धवला म्हणाल का?

नाही म्हणालात तरी लग्न करणार आहे, हे आताच सांगते, माझ्या नावावर नंतर लपवाछपवी नको. रागावणारही नाही. पण तुमच्या जागेवर दुसरी धवलारीण बसवणार नाही आणि स्पीकरही लावणार नाही. हळद गुपचूप लागेल. तारीख अजून धरलेली नाही. तुम्ही मोकळ्या असाल ती तारीख.

सासूबाई शेजारी बसून विचारतायत, संपलं का? एवढं काय लिहितेस? लिंबू त्यांनी विमानावरून काढून देव्हाऱ्यात ठेवलंय. थोडं चेपलंय, पण वास अजून छान येतो.

आजवर प्रत्येक पत्राखाली मी 'तुमची भावजय' लिहीत आले. सासूबाईंच्या हिशेबाने आता मी तुमची बहीण होते. माझ्या हिशेबाने काय होते, ते मला ठरवता येत नाही. म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. पत्र जपून ठेवा, आणि याल तेव्हा येताना ती भरून आणा.

तुमची
. . . . . . . . .
किशोरी